बक्षिसाची सहल आणि वजनाचे गणित



परीक्षा जवळ आली की घरोघर बक्षिसांची भाषा सुरू होते. कुणाला सायकल कबूल केली जाते, कुणाला घड्याळ. अलीकडे या यादीत आणखी एका बक्षिसाची भर पडली आहे, ते म्हणजे मोठ्या मनोरंजन उद्यानाची, म्हणजे थीम पार्कची सहल. काही मुले तर कुणी कबूल करण्याची वाटही पाहत नाहीत. वर्षभर खाऊचे आणि दिवाळीच्या ओवाळणीचे पैसे साठवून ती स्वतःच स्वतःला हे बक्षीस द्यायचे ठरवतात.

नागपूर जिल्ह्यातील पारशिवनीसारख्या गावच्या मुलांना पाळणा नवा नाही. रामटेकच्या त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेतला आकाशपाळणा त्यांनी पाहिलेला असतो. मोठे उद्यान मात्र दूर, पार सह्याद्रीच्या पलीकडे! १९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि पुढे अनेक वर्षे शाळांच्या सहली तिकडे वळत राहिल्या. २०१३ साली रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले. आज दहावीच्या मुलांच्या स्वप्नात बहुधा हेच उद्यान असते.

समजा, तुम्ही पारशिवनीहून या सहलीचा बेत आखत आहात. एस.टी.ने नागपूर गाठायचे, रात्रीच्या गाडीने कल्याणला उतरायचे, तेथून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल पकडायची आणि उरलेला रस्ता वाहनाने कापायचा. नागपूर ते मुंबई लोहमार्गाने ८३७ कि.मी. आणि कल्याण मुंबईच्या ५४ कि.मी. अलीकडे, म्हणजे नागपूर ते कल्याण ७८३ कि.मी. झाले. बाकीचे टप्पे धरून जाऊन-येऊन प्रवास सतराशे किलोमीटरांहून अधिक होतो. दोन रात्री गाडीत जातात आणि उद्यानात मिळतो एक दिवस.

आता त्या दिवसाचा हिशोब करा. उद्यान आठ तास उघडे आहे असे धरू. म्हणजे ४८० मिनिटे. जेवण आणि चालणे यांत ८० मिनिटे गेली, उरली ४००. प्रत्येक पाळण्यासाठी रांगेसह सरासरी ४० मिनिटे लागली तर दिवसभरात १० पाळणे होतील. एक पाळणा साधारण २ मिनिटांचा. म्हणजे सतराशे किलोमीटरांच्या प्रवासातून पदरात पडणारी खरी मौज २० मिनिटांची! सहलीला एकूण ६,००० रुपये लागतील असे समजले, तर दर मिनिटाला ३०० रुपये झाले.

हे वाचून बेत रद्द करण्याचे कारण नाही. मात्र ज्याच्या एका मिनिटाला ३०० रुपये पडतात, ती वस्तू नेमकी काय आहे हे विकत घेण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे. बाजारात आपण कापडसुद्धा पारखून घेतो!

आपण विकत काय घेतो?

"वेग!" असे उत्तर बहुतेक जण देतील. ते खरे आहे का, ते तपासून पाहू.

इमॅजिकातील सर्वांत गाजलेल्या रोलर कोस्टरचे नाव नायट्रो. त्याची उंची सुमारे ४० मीटर आणि सर्वाधिक वेग ताशी सुमारे १०५ कि.मी. असल्याचे प्रसिद्ध आहे. आता नागपूरहून निघालेल्या तुमच्या गाडीकडे पाहा. मोकळ्या मार्गावर ती ताशी १०० कि.मी.चा वेग सहज गाठते. वेग जवळजवळ तोच, पण नायट्रोवरचे प्रवासी किंचाळत असतात आणि गाडीतले प्रवासी घोरत असतात! खरे तर घरी खाटेवर झोपलेले असतानाही तुम्ही पृथ्वीबरोबर फिरतच असता. पारशिवनीच्या अक्षांशावर पृथ्वीच्या पृष्ठभागाचा हा वेग ताशी दीड हजार कि.मी.हून अधिक आहे. त्याने कुणाच्या पोटात गोळा येत नाही.

तात्पर्य, स्थिर वेग शरीराला कळत नाही. कळतो तो वेगातील बदल, म्हणजे त्वरण. आपल्या आंतरकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळू लागले की त्यांतील द्रव जडत्वामुळे मागे राहतो आणि मेंदूला वळण्याची बातमी पोचते. त्यांच्या शेजारीच सूक्ष्म खडे असलेला आणखी एक भाग असतो. त्यावरून सरळ रेषेतील त्वरण आणि डोक्याचा तिरकेपणा समजतो. वेग मोजणारे इंद्रिय मात्र निसर्गाने आपल्याला दिलेले नाही.

मनोरंजन उद्यानाचा सगळा व्यवहार या एका गोष्टीवर चालतो. तेथे आपण तिकीट काढतो ते त्वरणाचे.

वजन कमी-जास्त कसे होते?

पृथ्वी आपल्याला सतत खाली ओढत असते, पण ही ओढ आपल्याला प्रत्यक्ष जाणवत नाही. जाणवतो तो खुर्चीने किंवा जमिनीने आपल्याला वर दिलेला रेटा. ५० किलोग्रॅमची मुलगी वजनकाट्यावर उभी राहिली की काटा हा रेटाच दाखवत असतो. रेटा वाढला की जड वाटते, घटला की हलके वाटते आणि नाहीसा झाला की आपण तरंगतो. या रेट्याला आपण "भासणारे वजन" म्हणू.

आता जत्रेतला आकाशपाळणा घ्या. त्याची त्रिज्या ५ मीटर आहे आणि एक फेरी १० सेकंदांत होते असे समजा. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे त्वरण असते. ते काढण्याचे सूत्र असे:

अभिकेंद्री त्वरण = ४ × पाय × पाय × त्रिज्या ÷ (आवर्तकाल × आवर्तकाल)

येथे पाय म्हणजे ३.१४. आकडे घातले की उत्तर सुमारे २ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. गुरुत्व त्वरण ९.८ आहे. म्हणजे हे त्वरण त्याच्या साधारण एक पंचमांश झाले. पाळणा तळाशी असताना केंद्र वरच्या बाजूला असते, म्हणून खुर्चीला नेहमीपेक्षा एक पंचमांश जास्त रेटा द्यावा लागतो. माथ्यावर केंद्र खाली असते, म्हणून रेटा तेवढाच कमी पडतो. आपल्या ५० किलोग्रॅमच्या मुलीला काटा तळाशी ६० दाखवील आणि माथ्यावर ४०. वरून खाली येताना पोटात जे हलके-हलके वाटते, ते या हरवलेल्या दहा किलोग्रॅमचे काम!

पाळणेवाल्याने हौसेने फेरीचा वेळ निम्मा केला तर काय होईल? सूत्रात आवर्तकालाचा वर्ग छेदात आहे. म्हणून त्वरण दुप्पट न होता चौपट होईल. मग तळाशी काटा ९० दाखवील आणि माथ्यावर फक्त १०. "थोडा जोरात फिरवा" अशी मुले ओरडतात, तेव्हा तो "थोडा" केवढा असतो ते यावरून ध्यानात घ्या.

इंजिनाविना धावणारी गाडी

रोलर कोस्टरची मूळ कल्पना जुनी आहे. रशियात हिवाळ्यात लाकडी उतारावर बर्फ गोठवून त्यावरून घसरण्याचा खेळ चाले. १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर लामार्कस टॉम्पसन याने उतारावरून घरंगळणारी छोटी गाडी सुरू केली. तिचा वेग होता ताशी सुमारे १० कि.मी., म्हणजे आपल्या साध्या सायकलपेक्षाही कमी! तरीही लोकांनी गर्दी केली.

नायट्रोसारख्या कोस्टरच्या गाडीला स्वतःचे इंजिन नसते. साखळी तिला पहिल्या उंच टेकडीच्या माथ्यावर नेऊन सोडते. पुढचा सगळा प्रवास त्या उंचीच्या जोरावर होतो. पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणात हेच घडते. उंचीवर साठलेल्या पाण्याजवळ स्थितिज ऊर्जा असते. पाणी खाली येताना तिची गतिज ऊर्जा बनते आणि पाणचक्की फिरते. धरणात खाली येते ते पाणी, येथे खाली येता तुम्ही, एवढाच फरक!

घर्षण नाही असे धरले, तर तळाचा वेग काढणे अगदी सोपे आहे:

वेगाचा वर्ग = २ × ९.८ × उंची

उंची ४० मीटर घातली की वेगाचा वर्ग ७८४ येतो. त्याचे वर्गमूळ २८. म्हणजे वेग सेकंदाला २८ मीटर, अर्थात ताशी सुमारे १०१ कि.मी. या सूत्रात वस्तुमान कोठेही नाही, हे लक्षात आले का? गाडीत पहिलवान बसले काय आणि पाचवीतली मुले बसली काय, हिशोबातला वेग तोच.

पण येथे एक गंमत आहे. प्रसिद्ध आकडा १०५ आणि आपला आकडा १०१. घर्षण आणि हवेचा रोध धरले तर खरा वेग १०१ पेक्षाही कमी यायला हवा. मग हे जास्तीचे चार किलोमीटर आले कोठून? काही शक्यता सुचतात. माथ्यावर गाडी अगदी थांबलेली नसते, तिला थोडा वेग असतो. पण तो सेकंदाला ३ मीटर धरला तरी तळाचा वेग ताशी अर्ध्या किलोमीटरानेच वाढतो, करून पाहा. दुसरी शक्यता म्हणजे उताराचा तळ टेकडीच्या पायथ्यापेक्षा खोल असणे. १०५ चा वेग येण्यासाठी गाडी किमान साडेत्रेचाळीस मीटर खाली आली पाहिजे. तिसरी शक्यता म्हणजे आकडे सांगताना ते ढोबळ केलेले असणे. यांतले खरे काय, हे घरी बसून ठरणार नाही. जो तेथे जाईल त्याने सेकंदकाटा घेऊन, रुळाच्या ठराविक लांबीवरून गाडी जाण्यास लागणारा वेळ मोजावा. जाहिरातीतला आकडा आणि आपल्या वहीतला आकडा यांची अशी गाठ घालून देणे हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे कामच आहे.

वळसा गोल का नसतो?

कोस्टरची गाडी वळशातून जाताना प्रवाशांची डोकी खाली आणि पाय वर होतात. तरी ते पडत नाहीत. पाण्याने अर्धी भरलेली बादली हाताने जोरात गोल फिरवली तर पाणी सांडत नाही, तसाच हा प्रकार आहे.

या वळशाचे चित्र नीट पाहिलेत तर तो वर्तुळाकार नसतो असे दिसेल. वर निमुळता आणि खाली पसरट, असा त्याचा आकार पेरूच्या फळाला उलटे धरल्यासारखा न दिसता देठ वर ठेवल्यासारखा दिसतो. असे का करावे लागते?

वळसा अगदी गोल आहे असे समजू. माथ्यावर गाडी रुळाला जेमतेम टेकून जावी, तर तेथील अभिकेंद्री त्वरण निदान गुरुत्व त्वरणाइतके हवे. म्हणजे तेथे वेगाचा वर्ग = गुरुत्व त्वरण × त्रिज्या. आता गाडी माथ्यावरून तळाला येते तेव्हा ती दोन त्रिज्या खाली उतरते. त्यामुळे वेगाच्या वर्गात ४ × गुरुत्व त्वरण × त्रिज्या एवढी भर पडते. एकूण पाचपट. म्हणून तळाशी अभिकेंद्री त्वरण गुरुत्व त्वरणाच्या पाचपट होते. त्यात आपले नेहमीचे एक वजन मिळवा. भासणारे वजन सहापट! आपल्या ५० किलोग्रॅमच्या मुलीला ती ३०० किलोग्रॅमची झाल्यासारखे वाटेल. त्रिज्या लहान घ्या किंवा मोठी घ्या, हा सहाचा आकडा बदलत नाही.

१८९५ साली कोनी आयलंडवरच असा पूर्ण गोल वळसा बांधला गेला. त्यात बसणाऱ्यांच्या माना आणि पाठी दुखावत आणि काही वर्षांतच तो बंद पडला. यावरचा उपाय गणितातूनच सापडला. तळाशी वेग जास्त असतो, तेथे त्रिज्या मोठी ठेवायची. माथ्याशी वेग कमी असतो, तेथे त्रिज्या लहान करायची. आपल्या २८ मीटर प्रति सेकंद वेगाला तळाची त्रिज्या १६ मीटर ठेवली तर भासणारे वजन सहापट होते, पण ४० मीटर ठेवली तर ते तिपटीवरच थांबते. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगल याच्या गणितावर आधारलेला असा वळसा १९७६ साली कॅलिफोर्नियात उभा राहिला आणि तेव्हापासून जगभर हीच रीत रूढ झाली. मान न मोडता मौज देणारी ही वक्ररेषा कागदावर आधी आली आणि लोखंडात नंतर.

डोळ्यांची आणि कानांची फसवणूक

काही खेळांत आपण जागचे हलतही नाही. पडद्यासमोरच्या खुर्च्या नुसत्या डोलतात, पण विमानात बसल्यासारखे वाटते. यातली युक्ती अशी: खुर्ची मागे ३० अंशांनी कलती केली की पाठीवर आपल्या वजनाच्या निम्मा रेटा पडतो. भोवती अंधार असतो आणि पडद्यावर रस्ता वेगाने मागे सरकत असतो. त्यामुळे मेंदू "खुर्ची कलली" असे न समजता "गाडी जोरात पुढे निघाली" असे समजतो. कलणे आणि त्वरण यांतला फरक आंतरकर्णाला एकट्याने ओळखता येत नाही.

डोळे एक सांगतात आणि कान दुसरेच सांगतात, तेव्हा काही जणांना मळमळते. एस.टी.त पुस्तक वाचताना ज्यांना उलटी होते, त्यांनी असे खेळ भरल्या पोटी घेऊ नयेत.

आता आराखडा

एवढे समजले की सहलीचा आराखडा बनवणे सोपे होते.

पहिली गोष्ट निवडीची. सगळेच पाळणे करायचे असे ठरवू नका. चार वेगळे अनुभव निवडा: उंचावरून पडण्याचा, वळशाचा, झोक्याचा आणि डोळ्यांना फसवणारा. उंचावरून सरळ खाली सोडणाऱ्या खेळात भार गेल्यासारखे वाटते, पण ते फार थोडा वेळ. २ सेकंद मुक्तपणे पडायला सुमारे २० मीटर उंची लागते, ३ सेकंदांना ४४ मीटर आणि ४ सेकंदांना ७८ मीटर. वेळ दुप्पट हवा तर उंची चौपट! हे ठाऊक असलेला "एवढ्यात संपले?" अशी तक्रार करत नाही.

दुसरी गोष्ट रांगेची. रांग किती लांब आहे यापेक्षा ती किती वेगाने सरकते हे महत्त्वाचे. एका गाडीत २४ जण बसतात आणि दर ३ मिनिटांनी एक गाडी सुटते असे समजा. म्हणजे मिनिटाला ८ जण. पुढे २४० माणसे असतील तर तुमचा नंबर ३० मिनिटांनी येईल. रांगेत शिरण्याआधी दोन गाड्या सुटेपर्यंत उभे राहा, घड्याळ पाहा, डोकी मोजा आणि भागाकार करा. सर्वांत मोठा पाळणा उद्यान उघडताच गाठावा, कारण तेव्हा पुष्कळ माणसे अजून वाटेत असतात. प्रत्येक पाळण्यामागे ४० मिनिटांऐवजी २५ मिनिटे लागू लागली तर ४०० मिनिटांत १० ऐवजी १६ पाळणे होतात. मिनिटाचा भाव ३०० रुपयांवरून १८८ वर येतो. तिकीट तेच, बचत केवळ भागाकाराची.

तिसरी गोष्ट बसण्याच्या जागेची. पुढच्या डब्यातून समोरचे मोकळे दृश्य दिसते. मागच्या डब्यात हलकेपणा अधिक जाणवतो. पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा उरलेली गाडी अजून चढणीवर असते, म्हणून वेग कमी असतो. शेवटचा डबा माथ्यावर येतो तेव्हा पुढचे डबे उतारावर धावू लागलेले असतात आणि ते त्याला ओढून नेतात. दोनदा बसायला मिळाले तर एकदा पुढे आणि एकदा मागे बसा व फरक वहीत लिहा.

चौथी गोष्ट हवेची. विदर्भातल्या मुलांना ४५ अंशांची सवय असते, म्हणून कोकणातील ३५ अंश त्यांना किरकोळ वाटतात. पण विदर्भाचा उन्हाळा कोरडा आहे. घाम लगेच वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. बोरघाटाच्या पायथ्याशी हवा दमट असते. तेथे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि अंग थंड होत नाही. पाणी भरपूर प्या आणि दुपारची उन्हाची वेळ आतल्या खेळांसाठी ठेवा. पावसाळ्यात घाटाखाली पाऊस मुसळधार असतो. विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे उंच पाळणे थांबवावे लागतात, म्हणून इतक्या दुरून जाणाऱ्यांनी तो काळ टाळलेला बरा. तिकिटाचे दर आणि उद्यानाच्या वेळा बदलत असतात. त्या निघण्यापूर्वी विचारून घ्या.

येथे तडजोड नाही

पाळण्याच्या तोंडाशी उंचीची पट्टी लावलेली असते. "दोन बोटे कमी पडली तर काय बिघडले?" असे म्हणून टाचा उंचावणारी मुले दिसतात. बिघडते ते असे: टेकडीच्या माथ्यावर भासणारे वजन शून्याच्याही खाली जाऊ शकते. म्हणजे खुर्ची तुम्हाला वर रेटत नाही, उलट तुम्हीच खुर्चीतून उडू पाहता. त्या क्षणी तुम्हाला धरून ठेवणारी एकच वस्तू असते, अंगावरचा तो दांडा. तो ठराविक बांध्याच्या शरीरासाठी बनवलेला असतो. शरीर लहान असेल तर मध्ये फट राहते आणि त्या फटीतूनच अपघात घडतो. पट्टी तुमचा अपमान करण्यासाठी लावलेली नाही.

खिशातला मोबाइल, चष्मा, नाणी खालीच ठेवा. क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा असतो. आजचा मोबाइल बहुधा त्याहून जड असतो. तो ताशी १०० कि.मी. वेगाने कुणाच्या कपाळावर बसला तर काय होईल, हे सांगायला नको.

जत्रेतल्या पाळण्याबाबत तर अधिकच सावध असावे. तो चार दिवसांसाठी उभा केलेला असतो. बसण्यापूर्वी पाहा: पाया पक्क्या जमिनीवर आहे का, खुर्चीच्या दांड्याला खीळ आहे का, विजेच्या तारा उघड्या आहेत का, चालवणारा लक्ष देतो आहे का. एका गोष्टीची जरी शंका आली तरी बसू नका. आपल्याला आता सूत्र ठाऊक आहे. वेग दुप्पट झाला की सांध्यावरचा अभिकेंद्री ताण चौपट होतो आणि गंजलेल्या खिळीला हे गणित माफ नसते.

सहल जमली नाही तर?

सगळ्यांनाच सहा हजार रुपये जमणार नाहीत. त्यांच्यासाठी एक आनंदाची बातमी आहे. नागपंचमीला झाडाला जो झोका बांधतो, त्याचे गणित करून पाहिलेत का? झोका सरळ रेषेपासून ६० अंशांपर्यंत नेऊन सोडला, तर तळातून जाताना भासणारे वजन बरोबर दुप्पट होते. दोरी लांब असो वा आखूड, हा आकडा तोच राहतो. जत्रेच्या पाळण्यात तळाशी १ चे फक्त १.२ झाले होते, येथे १ चे २ झाले! आणि टोकाला, जेथे झोका क्षणभर थांबतो, तेथे पाटाचा रेटा निम्म्यावर येतो. म्हणजे एका झोक्यात तुम्ही निम्म्या वजनापासून दुप्पट वजनापर्यंत जाऊन येता. तेही रांगेशिवाय! मात्र दोरी आणि फांदी तुमच्या वजनाच्या दुपटीहून पुष्कळ जास्त भार पेलणारी हवी, हेही याच गणितातून निघते.

करून पाहा : वजन-दर्शक नळी

पारदर्शक प्लास्टिकची एक लांब नळी किंवा अरुंद बाटली घ्या. बुचाला आतून एक रबर अडकवा आणि रबराच्या टोकाला लोखंडी नट बांधा. नळी उभी धरा. नट जेथे थांबेल तेथे बाहेर रेघ ओढून १ लिहा. आता तसलाच दुसरा नट जोडा, नवी रेघ ओढून २ लिहा. तिसरा जोडून ३ लिहा. मग जास्तीचे नट काढून टाका. रबराची मूळ लांबी जेथे संपते, तेथे शून्य. झाले तुमचे उपकरण तयार! ते मनगटाला दोरीने घट्ट बांधा. झोक्यावर बसताना दोन्ही हात दोऱ्यांवरच ठेवा आणि दर वेळी नट कोठवर जातो ते जवळ उभ्या असलेल्या मित्राला पाहायला सांगा. मोठ्या उद्यानात अशी वस्तू पाळण्यावर नेऊ देत नाहीत. तेथे जमिनीवर उभे राहून सेकंदकाट्यानेच मोजमाप करावे.

शिक्षकांनी नववी-दहावीच्या वर्गात चार गट करून हा प्रयोग करून घ्यावा. सहलीचा निबंध सगळेच लिहितात. सहलीची मोजमापे लिहिलेली एक वही वर्गात राहिली तर पुढच्या वर्षीच्या मुलांना ती उपयोगी पडेल.

सोडवून पाहा

१. आकाशपाळण्याची त्रिज्या ५ मीटर आहे. माथ्यावर भासणारे वजन शून्य व्हायचे तर एक फेरी किती सेकंदांत व्हायला हवी?

२. २० मीटर उंचीवरून निघालेल्या गाडीचा तळाचा वेग घर्षण नसताना किती असेल? प्रत्यक्षात तो सेकंदाला १७ मीटर भरला, तर किती टक्के ऊर्जा घर्षणात आणि हवेच्या रोधात गेली?

३. एका गाडीत २० जण बसतात आणि दर अडीच मिनिटांनी गाडी सुटते. पुढे ३०० जण आहेत. तासाभराने तुमची परतीची बस आहे. रांगेत उभे राहावे काय?

उत्तरे : १. सुमारे ४.५ सेकंद. २. सेकंदाला १९.८ मीटर, सुमारे २६ टक्के. ३. मिनिटाला ८ जण जातात, म्हणून साडेसदतीस मिनिटे लागतील. बसथांबा जवळ असेल तर उभे राहायला हरकत नाही, पण थांब्यापर्यंत चालण्याचा वेळ आधी मोजून ठेवा.